बूट काढून मॅनेजर, की बूट घालूनच? तीन स्टॉपरांच्या तीन वाटा

वय चौतीस. जागा फुटबॉलमधल्या सेंटर-बॅकची, म्हणजे बचावफळीच्या मधली, आपल्याकडे जिला अजूनही स्टॉपर म्हणतात ती. सकाळी जिना उतरताना गुडघा कुरकुरतो, पण पहिल्या अकरात नाव असतंच. अशा वेळी क्लबची मंडळी चहाला बोलावतात आणि म्हणतात, "कोच गेले. आता तूच टीम बघ. आणि खेळायचं पण आहेच हं."

माझ्या एका मित्राला गेल्या महिन्यात हेच ऐकावं लागलं. घरी जाईपर्यंत त्याला मान वाटत होता, घरी पोचल्यावर भीती वाटायला लागली. त्या रात्री फोनवर मी त्याला इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनांत खेळाडू म्हणून बहुतेक आयुष्य काढलेल्या तीन स्टॉपरांबद्दल सांगितलं. ग्रॅहम टर्नर, सॅम अॅलर्डाइस, डेव्हिड मॉईस. तिघेही मॅनेजर म्हणून पुढे पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनपर्यंत (आजची प्रीमियर लीग) पोचले, पण तिथे जायची वाट प्रत्येकाची वेगळी होती. तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

टर्नर: दोन्ही कामं, आणि तीही चालू गाडीत

टर्नरचा जन्म एल्समिअर पोर्टचा, १९४७चा. आधी रेक्सम, मग चेस्टर, आणि १९७३पासून श्रूजबरी टाउन. या तिन्ही क्लबांमध्ये फार अंतर नाही. १९७८मध्ये मॅनेजर रिची बार्कर सोडून गेले आणि क्लबने संघातल्याच एकतिशीच्या स्टॉपरला खुर्चीत बसवलं. टर्नर टीम निवडायला लागला आणि स्वतः खेळतही राहिला.

त्याच हंगामात श्रूजबरीने तिसरी डिव्हिजन जिंकली. एफए कपमध्ये, म्हणजे सगळ्या डिव्हिजनांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, मँचेस्टर सिटीला २-० ने हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. मे १९७९मध्ये घरच्या गे मेडोवर एक्सेटरला ४-१ ने हरवलं आणि क्लब इतिहासात पहिल्यांदाच दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला. (हे मैदान सेव्हर्न नदीच्या अगदी काठाला होतं. बॉल नदीत गेला की फ्रेड डेव्हिस नावाचा माणूस टोपलीसारख्या गोल होडीतून तो काढून आणायचा, बॉलमागे ठरलेले पैसे घेऊन. एवढ्या छोट्या क्लबची ही गोष्ट आहे.) टर्नर १९८४मध्ये गेला, पण क्लब १९८९पर्यंत त्या डिव्हिजनमध्ये टिकला.

हे जमलं कसं, ते बघायला हवं, कारण मोह इथेच होतो. पहिलं कारण म्हणजे टीम मोडलेली नव्हती. बार्कर हाकलले गेले नव्हते, चांगली टीम मागे ठेवून वरच्या कामावर गेले होते. दुसरं, टर्नर त्या ड्रेसिंग रूममध्ये पाच वर्षं बसलेला होता. कोण कुठल्या दिवशी कसा खेळतो हे त्याला कागदावरून शिकायचं नव्हतं. तिसरं कारण लोक विसरतात. तेव्हा लीगच्या सामन्यात एकच बदली खेळाडू असायचा. सामना सुरू झाल्यावर मॅनेजरने ठरवायच्या गोष्टीच मोजक्या होत्या. आज पाच-पाच जण बदलता येतात, सत्तराव्या मिनिटाला अर्धी टीम नवी असते. कॉर्नरला डोकं घालता घालता हे सगळं कुणी ठरवायचं?

पुढचा टर्नर मला जास्त शिकवून जातो. १९८४मध्ये त्याला अॅस्टन व्हिलाने नेलं, दोनच वर्षांपूर्वी युरोपियन कप जिंकलेल्या क्लबने. सप्टेंबर १९८६मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ६-० मार खाल्ला आणि त्याची नोकरी गेली. महिन्याभरात तो चौथ्या डिव्हिजनमधल्या वुल्व्ह्जचा मॅनेजर झाला. तिथे सुरुवातीलाच चॉर्लीसारख्या लीगबाहेरच्या, म्हणजे चारही डिव्हिजनांच्या खालच्या संघाकडून कपमध्ये हार पत्करावी लागली. पण नोव्हेंबरात त्याने वेस्ट ब्रॉमविचकडून स्टीव्ह बुल नावाचा फॉरवर्ड आणला. बुलने वुल्व्ह्जसाठी ३०६ गोल केले. वुल्व्ह्जने १९८८मध्ये चौथी डिव्हिजन जिंकली, १९८९मध्ये तिसरी.

मग हेरेफर्डचा मॅनेजर. १९९७मध्ये शेवटच्या दिवशी ब्रायटनशी १-१ बरोबरी झाली आणि क्लब लीगबाहेर फेकला गेला. तरी टर्नर गेला नाही. पुढे क्लबचे बहुसंख्य शेअर आणि चेअरमनपद त्याच्याकडेच आलं. २००६मध्ये क्लब लीगमध्ये परत आला, २००८मध्ये आणखी एक पायरी चढला. आणि २०१०मध्ये टर्नर पुन्हा श्रूजबरीला, जिथे बत्तीस वर्षांपूर्वी सुरुवात केली होती तिथे, आणि २०१२मध्ये त्यांनाही त्याने वर नेलं. ज्याने एकदा खेळता खेळता सगळं सांभाळलं, त्याला पुढे क्लबमधलं कुठलंच काम परकं वाटलं नाही, असं मला वाटतं.

अॅलर्डाइस: दोन्ही कामं, पण लांब जाऊन

'बिग सॅम' म्हटलं की लोकांना बोल्टन आठवतं, नाहीतर इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाच्या मॅनेजरपदाचे ते ६७ दिवस. खेळाडू असताना तो बोल्टनचा दणकट स्टॉपर होता, नंतर सहा-सात क्लब फिरला. इंग्लंडमध्ये कुणी मॅनेजरची खुर्ची देईना, म्हणून १९९१मध्ये छत्तीस वर्षांचा सॅम आयर्लंडला, लिमरिकला गेला. खेळाडू-मॅनेजर म्हणून. क्लबचा चेअरमन एक पाद्री होता, फादर जो यंग. पैशाची इतकी ओढाताण की पगारासाठी पबांमध्ये पैसे गोळा करत फिरावं लागे. पण पहिल्याच हंगामात लिमरिकने डिव्हिजन जिंकून वरची पायरी गाठली.

बक्षीस काय मिळालं? मॅनेजरची नोकरी नाही. प्रेस्टनला सहायकाची. तिथे काही दिवस हंगामी मॅनेजर, मग युवा संघाचा कोच. पूर्ण मॅनेजरपद १९९४मध्ये ब्लॅकपूलला मिळालं. १९९६मध्ये एका गुणाने थेट बढती हुकली, प्ले-ऑफमध्ये, म्हणजे उरलेल्या बढतीसाठीच्या जादा सामन्यांत, बाहेरच्या मैदानावर २-० जिंकून घरी ०-३ हरले, आणि काढून टाकलं. तेही कुणी, तर तुरुंगात असलेल्या क्लबमालकाने! नॉट्स काउंटीला मात्र १९९८मध्ये मार्चमध्येच बढती नक्की झाली, आणि त्यानंतर कुणी त्याला सहायक म्हणून बोलावलं नाही.

ही वाट कुणाची? ज्याच्या ओळखीच्या गावात त्याला खुर्ची मिळत नाही त्याची. फायदा एकच, पण मोठा. चुका लांबच्या गावात होतात. पोरं तुम्हाला 'कालपर्यंतचा दोस्त' म्हणून बघत नाहीत. पण त्या वर्षाच्या यशाने पुढचं दार उघडेलच, असं धरून चालू नका.

मॉईस: आधी शिकणं, मग खुर्ची

मॉईस ग्लासगोचा. सेल्टिकमध्ये सुरुवात, मग केंब्रिज, ब्रिस्टल सिटी आणि तेच श्रूजबरी, टर्नर गेल्यानंतर तीन वर्षांनी. मग स्कॉटलंडमध्ये जाऊन परत येत १९९३मध्ये प्रेस्टन. तो प्रेस्टनला आला तेव्हा युवा संघाकडे अॅलर्डाइसच होता.

मॉईसने कोचिंगचे कोर्स बाविशीतच सुरू केले होते. बाकीचे प्रॅक्टिसनंतर घरी जायचे तेव्हा हा वह्या भरायचा. खेळता खेळता प्रेस्टनमध्ये कोचिंगचं काम अंगावर घेतलं, आणि जानेवारी १९९८मध्ये गॅरी पीटर्स गेले तेव्हा क्लबला बाहेर शोधायची गरजच पडली नाही. टीम तेव्हा खाली घसरायच्या बेतात होती. वाचली. २०००मध्ये डिव्हिजनचं विजेतेपद, २००१मध्ये प्रीमियर लीगच्या दारात, म्हणजे कार्डिफच्या प्ले-ऑफ अंतिम सामन्यात. समोर बोल्टन, आणि त्यांचा मॅनेजर कोण? अॅलर्डाइस. बोल्टन ३-० ने जिंकलं. पुढच्या मार्चमध्ये मॉईस प्रीमियर लीगमधल्या एव्हर्टनला गेला.

दोन्ही कामं एकत्र करायचा धोका मॉईसने जवळजवळ घेतलाच नाही. त्याची बाजू लिहायला म्हणूनच कमी ओळी लागल्या. नाट्यच कमी.

मग कुठली वाट?

माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. चौतीस वर्षांच्या बहुतेक स्टॉपरांसाठी मॉईसची वाट बरी. आधी कोचिंगचं लायसन्स, मग सहायक, मग खुर्ची. टर्नरसारखं करायचं असेल तर त्याच्यासारखी परिस्थिती हवी. टीम चालती हवी, ड्रेसिंग रूम आपली हवी, आणि स्वतःची जागा इतकी पक्की हवी की 'मॅनेजर आहे म्हणून खेळतो' असं कुणी पाठीमागेही म्हणू नये.

सगळ्यात अवघड गोष्ट तीच आहे. स्टॉपरला अख्खं मैदान समोर दिसतं, म्हणून तो मॅनेजर चांगला होतो असं म्हणतात आणि ते खरंही आहे. पण त्याला स्वतःची पाठ दिसत नाही. साठाव्या मिनिटाला पाय जड झाले हे त्याला कोण सांगणार? सांगितलं तर तो ऐकणार का? व्हिन्सेंट कोम्पनीसारखा मँचेस्टर सिटीचा कॅप्टन २०१९मध्ये बेल्जियमच्या अँडरलेख्टला खेळाडू-मॅनेजर म्हणून गेला. लीगच्या पहिल्या चार सामन्यांत एकही विजय नाही, तेव्हा त्याने सामन्याच्या दिवसाचे निर्णय सहायकाकडे सोपवले आणि स्वतः कॅप्टन म्हणून खेळायला लागला. पूर्ण मॅनेजर झाला तो २०२०मध्ये, बूट ठेवल्यावर. उलट बाजूला एडगर डेव्हिड्स. तो स्टॉपर नव्हे, मिडफिल्डर. इंग्लंडच्या बार्नेट क्लबला खेळाडू-मॅनेजर असताना त्याने स्वतःला एक नंबरची, म्हणजे एरवी गोलकीपरची जर्सी दिली, आणि २०१३च्या हंगामात काही महिन्यांत तीन वेळा लाल कार्ड घेतलं. मॅनेजरच बाहेर गेला तर त्याला समज कोण देणार!

हो म्हणायच्या आधी क्लबला विचारायचे प्रश्न मात्र साधे आहेत. बेंचवर दुसरा माणूस कोण, आणि मला मैदानाबाहेर बोलवायचा अधिकार त्याला आहे का? आधीचे कोच का गेले? नवा खेळाडू घ्यायचा तर सही कुणाची? तीन सामने हरलो तर खेळाडू म्हणून माझी जागा राहील, की दोन्ही जातील? शेवटचा प्रश्न विचारताना लाज वाटते, पण घरच्यांना तोच सगळ्यात आधी सुचतो. मित्राच्या बायकोनेही तोच विचारला होता.

मित्राने क्लबला कळवलं की बेंचवर एक सिनियर माणूस द्या, ज्याचं मी ऐकेन, तर हो. क्लबने दोन आठवड्यांत सांगतो म्हटलंय. दरम्यान रविवारी मॅच आहे, आणि अकरा नावं त्यालाच लिहायची आहेत. पहिलं नाव गोलकीपरचं लिहिलंय म्हणे. दुसऱ्यावर अडलाय.