डॅलसचं सिक्स्थ फ्लोअर म्युझियम: आत कागद, बाहेर पुड्या

डॅलसला जाणार असाल आणि अमेरिकेच्या राजकारणात थोडाफार जरी रस असेल तर हे म्युझियम चुकवू नका. ज्या पुस्तकांच्या गोदामातून 22 नोव्हेंबर 1963 ला राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच बिल्डिंगच्या त्याच सहाव्या मजल्यावर 1989 पासून हे चालू आहे, आणि गंमत म्हणजे खालच्या मजल्यांवर बरीच वर्षं काउंटीची सरकारी ऑफिसं होती. तिकिटात ऑडिओ गाईड येतो तो घ्याच, नाहीतर नुसते फोटो बघत पुढे सरकाल.

ज्याच्यावर खुनाचा आरोप झाला त्या ली हार्वे ओस्वाल्डचा कोपरा काचेने बंद केलाय, आत पुस्तकांची खोकी तेव्हाच्या फोटोंवरून तशीच रचलीयेत. त्या खिडकीशी जाता येत नाही पण शेजारच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसतो, आणि लगेच डोक्यात येतं की अरे, हे तर किती जवळ आहे. शेवटची गोळी लागली ते अंतर जेमतेम 80 मीटर. इतकी वर्षं ऐकत आलोय की एवढी नेमबाजी एका माणसाला शक्यच नाही, इथं उभं राहिल्यावर तो मुद्दा बराच ढिला पडतो. आणि ती फेमस ‘जादूची गोळी’, केनेडी आणि त्याच गाडीत पुढे बसलेले टेक्सासचे राज्यपाल कॉनली अशा दोघांच्या अंगातून म्हणे हवेत वळून गेलेली? कॉनली केनेडींच्या बरोबर सरळ रेषेत पुढे बसलेच नव्हते, त्यांची सीट थोडी खाली आणि आतल्या बाजूला होती, तशी रेघ मारली की ती सरळच जाते. एफबीआयने वॉरन आयोगासाठी (खुनाची चौकशी करणारा सरकारी आयोग) बनवलेलं, खून झाला त्या अख्ख्या चौकाचं मॉडेल इथं ठेवलंय, त्याच्यापुढे निवांत थांबा.

आता खरा मुद्दा. एवढं सगळं असून ओस्वाल्डने एकट्याने खून केला हे लोक का मानत नाहीत? गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या 2023 च्या पोलमध्ये 65 टक्के अमेरिकन म्हणाले की हे एकट्याचं काम नाही, 1976 मध्ये आणि परत 2001 मध्ये तर 81 टक्के. मला वाटायचं सिनेमांनी लोकांची डोकी फिरवली, पण खुनानंतर लगेच, 1963 मध्येच घेतलेल्या पोलमध्येसुद्धा 52 टक्के लोक हेच म्हणत होते. म्हणजे संशय आधी आला, थिअऱ्या मागून आल्या. आणि का नाही येणार हो, आरोपीला दोन दिवसांत पोलिसांच्या गराड्यात, टीव्ही कॅमेऱ्यांसमोर कुणीतरी गोळी घालतो, मग कुठंतरी पाणी मुरतंय असं कुणालाही वाटणारच.

त्यात सरकारने स्वतःच्या हाताने तेल ओतलं. ओस्वाल्डने एफबीआयच्या डॅलस ऑफिसात दिलेली चिठ्ठी तो मेल्यावर तिथल्या लोकांनी फाडून टाकली, सीआयएने क्युबाच्या कॅस्ट्रोला मारायचे आपले बेत वॉरन आयोगाला सांगितलेच नाहीत, आणि हे दोन्ही चव्हाट्यावर आलं 1975 मध्ये, निक्सनना घालवणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर, जेव्हा लोकांचा विश्वास तसाही उडालेला होता. लपवलं ते स्वतःची अब्रू वाचवायला, पण लोकांनी अर्थ काढला की खून लपवला. पुढे 1979 मध्ये संसदेच्याच समितीने पोलीस रेडिओच्या एका रेकॉर्डिंगवरून ‘बहुधा कट होता’ असं लिहून टाकलं, 1982 मध्ये शास्त्रज्ञांनी त्या रेकॉर्डिंगचा पुरावा खोडून काढला, पण खोडलेलं कोण वाचतं! तपासाचा आणि थिअऱ्यांचा भाग शेवटी येतो, तोवर पाय दुखायला लागतात, त्यामुळे सुरुवातीचं केनेडींचं कौतुक भराभर उरका.

माझा सगळ्यात आवडता किस्सा छत्रीवाल्याचा. स्वच्छ ऊन पडलेलं आणि एक माणूस रस्त्याकडेला छत्री उघडून उभा, झालं, कुणी म्हणे छत्रीतून विषारी बाण, कुणी म्हणे नेमबाजाला इशारा. 1978 मध्ये तो माणूस स्वतः त्याच संसदेच्या समितीपुढे छत्री घेऊन आला आणि म्हणाला की केनेडींच्या वडिलांनी ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनच्या हिटलरशी नरमाईला पाठिंबा दिला होता त्याचा तो निषेध होता, चेंबरलेनची ओळख म्हणजे छत्री. इतकं येडपट कारण आहे की ते खरंच असणार.

बाहेर आलात की दुसरा शो सुरू. रस्त्यावर जिथे गोळी लागली तिथे पांढरी फुली मारलेली असते आणि लोक चालू ट्रॅफिकमध्ये धावत जाऊन तिथे फोटो काढतात (प्लीज हे करू नका). गवताच्या टेकाडावर स्वयंघोषित गाईड उभे असतात, आम्हाला भेटलेल्या काकांनी माफिया, सीआयए, क्युबा, केनेडींनंतर राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन्सन सगळ्यांना दहा मिनिटांत एकत्र आणलं आणि वर डॉलर मागितले. दिले आम्ही, बोलायला भारी होते. पण हसून सोडून देण्याइतकं हे साधं राहिलेलं नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये याच चौकात क्यूअनॉनवाले (कटकारस्थानांच्या थिअऱ्या मानणारे ट्रम्पभक्त) शेकडोंनी जमले होते, कारण काय तर 1999 मध्ये विमान अपघातात गेलेले केनेडींचे चिरंजीव इथं परत प्रगट होणार आणि ट्रम्पना गादीवर बसवणार! आणि 2016 मध्ये खुद्द ट्रम्पनी पक्षाच्या उमेदवारीतले प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांच्या वडिलांचं नाव ओस्वाल्डशी जोडून पुडी सोडली होती, तरी निवडणूक जिंकलेच.

लहान मुलांना नेऊ नका, कंटाळतील आणि काही फोटो त्यांच्यासाठी नाहीत. दोन-तीन तास हाताशी ठेवा, आठवड्यात सगळे दिवस उघडं नसतं म्हणून वार बघून तिकीट ऑनलाइनच काढा, आणि टेकाडावरच्या काकांकडे आधी नाही, म्युझियम बघून झाल्यावर जा, म्हणजे त्यांना उलटे प्रश्न विचारता येतील.