घरचं सक्शन मशीन: आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

ट्रॅकिऑस्टॉमी झालेलं, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासासाठी नळी बसवलेलं मूल घरी न्यायचं ठरलं की त्या नळीतला कफ ओढून काढणाऱ्या सक्शन मशीनची शोधाशोध सुरू होते, आणि बहुतेक चौकशी मोटरच्या ताकदीची असते. बॅटरीवरही चालणारं एक पोर्टेबल मशीन आठ महिने वापरात आहे. एरवी दिवसाला सात-आठ वेळा, सर्दी झाली की त्याच्या दुप्पट-तिप्पट. एवढ्या काळात मोटरने एकदाही दगा दिला नाही. अडचणी आल्या त्या फिल्टर, झाकण, नळी आणि बॅटरी यांच्या.

आधी दाबाबद्दल, कारण इथली चूक मुलाला थेट इजा करते. मुलांसाठी साधारण 80 ते 120 मिमी पारा एवढा दाब वापरतात, तान्ह्या बाळांसाठी यातलाही कमीच. नेमका आकडा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. घरगुती मशीनं 500 च्या पुढेही ओढू शकतात, आणि ती ताकद इथे कामाची नाही. चिकट कफ जास्त दाबाने लवकर सुटत नाही, श्वासनलिकेचं आतलं नाजूक अस्तर मात्र सोलवटतं आणि कफात रक्ताच्या रेघा दिसू लागतात. दाब लावताना मशीनच्या नळीचं टोक अंगठ्याने पूर्ण बंद करायचं आणि मग काटा बघत बटण फिरवायचं. टोक उघडं ठेवून काटा 100 वर आणला, तर कॅथेटर (कफ ओढायला आत घालायची बारीक नळी) कफात रुतताच खरा दाब त्याच्या कितीतरी वर जातो. प्रवासात बॅगेत घासून हे बटण सहज फिरतं, म्हणून प्रत्येक वेळी अंगठा लावून बघायची सवय हवी. दोन सेकंदांचं काम आहे.

ओढ कमी वाटली की लगेच दाब वाढवू नये. आधी ज्यात कफ साठतो त्या जारची मुलाकडे जाणारी नळी काढून तिथल्या तोंडावर बोट ठेवावं. काटा चढला तर दोष नळीत आहे: भेग, मुरड किंवा आत वाळलेला कफ. चढला नाही तर झाकण काढून त्याची रबरी रिंग पुन्हा नीट बसवावी. धुतल्यावर ही रिंग उलटी किंवा वाकडी बसणं हे ओढ जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण ठरलं. तरीही फरक पडला नाही तर फिल्टर बघावा.

फिल्टरवर थोडं थांबायला हवं. जार आणि पंप यांच्यामधली ती चपटी चकती पाणी लागलं की वाट बंद करते, म्हणजे घाण पंपात शिरत नाही. तिचं कामच ते आहे, पण त्या क्षणी मशीन चालू असूनही ओढ शून्य होते. ती भिजते कशाने? जार तीन चतुर्थांशाच्या वर भरल्याने, गाडीत जार आडवा झाल्याने, किंवा धुतलेलं झाकण ओलंच बसवल्याने. भिजलेली चकती वाळवून पुन्हा लावू नये, ती भरवशाची राहत नाही. दोन-तीन नव्या चकत्या मशीनच्याच बॅगेत हव्यात. चकतीवर दिशा छापलेली असेल तर ती बघूनच बसवावी. मशीन घेण्याआधी त्याच मापाचे फिल्टर सहज मिळतात का, हा प्रश्न मोटरच्या ताकदीपेक्षा महत्त्वाचा आहे.

बॅटरी हा या मशीनचा कच्चा दुवा. नवी असताना जेवढी चालते तेवढी सहा महिन्यांनी चालत नाही, आणि चार्जचा दिवा मात्र पहिल्यासारखाच हिरवा दिसतो. म्हणून महिन्यातून एकदा प्लग काढून, घड्याळ लावून ती किती मिनिटं टिकते ते मोजावं आणि तारखेसह लिहून ठेवावं. त्या वेळी जवळ दुसरी सोय हवीच. शिशाची बॅटरी रिकामी होऊन तशीच पडून राहिली तर लवकर मरते, त्यामुळे बाहेरून आल्याआल्या प्लग लावावा. हाताने किंवा पायाने चालणारा सक्शन पंप घरात असल्याशिवाय फक्त बॅटरीच्या भरवशावर राहणं धोक्याचं आहे.

आवाज बराच आहे. रात्री भावंडं जागी होतात. तो कमी करायला खाली जाड टॉवेल घालण्याचा मोह होतो, पण हवा जायची भोकं झाकली जाऊन मशीन तापतं. टणक, सपाट जागाच बरी.

कॅथेटरचं माप मशीनइतकंच निर्णायक आहे. ट्रॅकिऑस्टॉमीच्या नळीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन दुप्पट केला की कॅथेटरचा फ्रेंच नंबर, म्हणजे त्याच्या जाडीचा नंबर, अंदाजे मिळतो: 4 च्या नळीला 8 नंबर. याहून जाड घातला तर श्वासाला जागाच उरत नाही. कॅथेटर किती आत घालायचा ते ठरवायला त्याच मापाची जादा नळी समोर धरून तो त्या नळीत घालावा. बाजूची भोकं नळीच्या टोकातून जेमतेम बाहेर आली, म्हणजे टोकापुढे फार तर अर्धा सेंटिमीटर, की तिथला आकडा वाचून पलंगाच्या उशाशी चिकटवावा. नळीचं माप बदललं की तो कागदही बदलायचा, हे हमखास विसरलं जातं. आत जाऊन बाहेर येईपर्यंत पाच ते दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. मग मुलाला श्वास घेऊ द्यावा, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) पूर्वीच्या पातळीवर येऊ द्यावं आणि गरज असेल तरच दुसऱ्यांदा करावं.

कफ घट्ट येत असेल तर दोष मशीनचा नाही, ओलाव्याचा आहे. कृत्रिम नाक (श्वासातला ओलावा धरून ठेवणारी, नळीच्या तोंडावर बसणारी टोपी) बसवलेलं आहे का, ते कफाने भरलंय का, मुलाच्या पोटात पुरेसं पाणी जातंय का, हे बघावं. सवयीने दर वेळी नळीत सलाइन टाकू नये.

आणि एक गोष्ट पाठच हवी. कॅथेटर आत जातच नसेल आणि मूल श्वासासाठी धडपडत असेल तर सक्शन करत बसायचं नाही. नळी तुंबली आहे, ती बदलायची. यासाठी त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशा दोन नळ्या, फीत, कात्री, पाण्यात विरघळणारं जेल आणि अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा) एका पिशवीत, मुलाबरोबर, कायम. बाथरूममध्ये नेतानासुद्धा.

हॉस्पिटलमध्ये शिकवलं जातं ते बहुतेक भिंतीतल्या सक्शनवर. ती ओढ एकसारखी असते, तिथे ना बॅटरी ना जारचं झाकण. घरी सोडण्याआधी घरचंच मशीन वॉर्डात आणून, दोन माणसांनी वेगवेगळे चोवीस तास नर्सच्या मदतीशिवाय सगळं करून बघावं, असा आग्रह जरूर धरावा. घरी व्हेंटिलेटरवर असलेल्या मुलांसाठी अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने 2016 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही घरातली किमान दोन माणसं तयार असावीत आणि एक प्रशिक्षित माणूस सतत जागं असावं, असं म्हटलं आहे. नुसती ट्रॅकिऑस्टॉमी असली तरी दुसऱ्या हाताची गरज तेवढीच भासते. एकट्या आईवर सगळं टाकलं की पंधरा दिवसांत तिचे हात चुकू लागतात: जार भरलेला राहतो, प्लग लावायचा राहतो. रात्रीचे दोन भाग करून वाटून घ्यावेत, आणि आपल्या वाट्याची झोप घेणाऱ्याने दुसऱ्या खोलीत झोपावं, नाहीतर त्या आवाजात झोप लागत नाही.

पाळी बदलताना वहीत चार नोंदी पुरतात: किती वेळा काढला, रंग, पातळ की घट्ट, शेवटची वेळ. रोजच्यापेक्षा संख्या दुप्पट झाली किंवा रंग हिरवट-पिवळा झाला तर ताप येण्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन करावा.

हेच मशीन पुन्हा घ्यावं का? हो, फिल्टर सहज मिळत असतील आणि पायाने चालणारा पंप त्याच दिवशी घरात येणार असेल तर.