शिफ्टवाल्यांचं वाचनालय : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापुरात वाचनालय म्हटलं की १८५० सालचं करवीर नगर वाचन मंदिर डोळ्यांपुढे येतं. हा अनुभव त्याचा नव्हे. उद्यमनगराच्या अंगाला असलेलं, शासनाच्या अनुदानावर चालणारं हे एक लहान सार्वजनिक वाचनालय. सभासद म्हणजे फौंड्रीतले मोल्डर, लेथवरचे टर्नर, त्यांच्या घरची माणसं आणि पोलीस भरतीच्या तयारीतली पोरं.

वेळ सकाळी ८ ते ११.३० आणि संध्याकाळी ४ ते ८. देवघेव मात्र साडेसातलाच थांबते, कारण रजिस्टर मिटवायचं असतं. फर्स्ट शिफ्ट (७ ते ३) असेल तर संध्याकाळ निवांत मिळते. सेकंडवाल्यांनी सकाळी नऊच्या आत उरकावं, नाइटवाल्यांनी आठला उघडल्या उघडल्या, झोपायच्या आधी. खरी गोची जनरल शिफ्ट आणि वर ओव्हरटाइम करणाऱ्यांची. ते येतात तेव्हा टेबलावर कुलूप आणि पेपर वाचणारे तेवढे बसलेले. यावर तोड एकच : कार्ड घेऊन घरचं कोणीही आलं तरी पुस्तक बदलून मिळतं, नंबर चिठ्ठीवर लिहून द्यायचा. कारखान्यांची सुट्टी ज्या वारी, वाचनालयही त्याच वारी बंद. याला काय म्हणावं! दुपारी बंद असण्याचा फटका बायकांना बसतो. घरी चपलेच्या वेण्या घालणाऱ्या बायकांना मोकळीक मिळते ती एक ते तीनमध्येच.

सभासद व्हायला अर्ज, दोन फोटो, आधारची झेरॉक्स आणि अनामत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचा आधारवरचा पत्ता गावाकडचा असतो, तिथं अर्ज अडतो. जुन्या सभासदाची शिफारस-सही नेली की सुटतो. अनामत परत घेताना मूळ पावती लागते, तिचा फोटो चालत नाही.

पुस्तकांबद्दल तक्रार कमी, शोधण्याबद्दल जास्त. मांडणी दशांश वर्गीकरणाची, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा आणि पुस्तकं त्या आकड्यांच्या क्रमानं. मराठी साहित्य ८९१.४६ ला, ते सगळ्यांना पाठ. पण कामाची पुस्तकं फुटलेली आहेत : मशीन टूल्स ६२१.९ ला, कास्टिंग म्हणजे ओतकाम ६७१.२ ला, म्हणजे दोन कपाटं सोडून पलीकडे. फौंड्रीचा माणूस ६२१ चं कपाट चाळून ‘काही नाही’ म्हणत परत जातो. कपाटावर ‘ओतकाम’ एवढी एक चिठ्ठी चिकटवली तरी काम होईल. सीएनसीवरची (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरची) पुस्तकं जुनी आहेत. आयटीआयवाल्यांना फिटर-टर्नरची मूळ तंत्रं शिकायला पुरतात, कंट्रोलरच्या नव्या मॉडेलसाठी नाही.

अभ्यासिकेत उघडल्या उघडल्याच पिशव्या ठेवून जागा धरलेल्या असतात. पेपरमधल्या भरतीच्या जाहिराती कोणीतरी ब्लेडने कापून नेतं, म्हणून सकाळी आल्या आल्या फोटो काढून घ्यावा.

पावसाळा हा या वाचनालयाचा खरा शत्रू. लोखंडी कपाटं बाहेरच्या भिंतीला टेकवलेली आहेत. जुलैत भिंत ओल धरते, कपाटाची पाठ घामेजते आणि मागच्या पुस्तकांवर पांढरी बुरशी चढते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढलं आणि पुस्तकं दाटीनं कोंबली नाहीत तर हवा खेळते. डांबरगोळ्यांनी कीड लांब राहते, ओल नाही. घरी नेलेलं पुस्तक भिजलं तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात. पानं थोडी उकलून पुस्तक पंख्याखाली उभं ठेवा, दर काही पानांमागं टिपकागद घाला. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर अजिबात नको. वर्षा-दोन वर्षांत टेप पिवळी पडते आणि तिचा चिकटा अक्षरांत उतरतो. पातळ कागदाची पट्टी आणि गव्हाची खळ, तेवढं पुरे.

पुराचंही गणित ठेवावं लागतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ नंतर सखल भागातल्या लोकांना हे आकडे सांगावे लागत नाहीत. तुमचं घर त्या पट्ट्यात असेल तर ३९ ओलांडायच्या आत पुस्तकं जमा करून टाका. रस्ते बंद झाल्यावर मुदत संपली तर त्या दिवसांचा दंड माफ होतो, पण तो मागावा लागतो. आपणहून कोणी कमी करत नाही.