‘आरव’ शोधायचा कुठे? शिकागोच्या ऑनलाइन मराठी कोशांविषयी

पसायदान तोंडपाठ असणारेही ‘चलां कल्पतरूंचे आरव’ इथे अडतात. संस्कृत कोशात आरव म्हणजे आवाज. तो इथे बसत नाही. लगेच पुढे चिंतामणीचे गाव आहे, पीयूषाचे अर्णव आहेत. त्यांच्या जोडीला कल्पतरूंची उपवनेच हवीत. संत म्हणजे ‘चलां’, चालती उपवने! अशा शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाचे ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ हे मोफत संकेतस्थळ फार मोलाचे आहे.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, मुंबई, १८५७), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश तिथे देवनागरीत शोधता येतात. ज्ञानेश्वरीसाठी सुरुवात तुळपुळे-फेल्डहाउसपासून करावी. त्यात १३५० पर्यंतचीच मराठी घेतली आहे, त्यामुळे नंतरचे अर्थ आड येत नाहीत. मग दाते-कर्वे. मोल्सवर्थ एकोणिसाव्या शतकातल्या वापरातल्या भाषेसाठी उत्तम, पण ओवीसाठी एकट्या त्याच्यावर विसंबू नये.

शोध रिकामा आला तर बहुधा शब्दाच्या रूपात घोळ असतो. आधी विभक्ती काढा. अनुस्वार असलेले आणि नसलेले, दोन्ही रूपे शोधून पाहा. जुन्या लेखनात आरंभीचा ‘ओ’ पुष्कळदा ‘वो’ होतो आणि ‘ए’ चा ‘ये’: ओखटे मिळाले नाही तर वोखटें, एक नाही तर येक. तरीही नाही, तर शोधात पहिली दोन-तीन अक्षरेच लिहून त्यांनी सुरू होणारे शब्द पाहा.

दाते-कर्वे यांचे खरे धन अवतरणांत आहे. ‘ज्ञा’ म्हणजे ज्ञानेश्वरी, ‘दा’ दासबोध, ‘तुगा’ तुकारामाचा गाथा. पहिला अर्थ उचलून निघू नका. आपल्या ग्रंथाचे अवतरण ज्या अर्थाखाली असेल तो घ्या. ओवीचा क्रमांक प्रतीनुसार पुढेमागे होतो, म्हणून चरण जुळवा.

मोठ्या नोंदी मात्र सलग छापल्यासारख्या दिसतात. अर्थ, समास, वाक्प्रचार सगळे एकाच परिच्छेदात. मोबाइलवर डोळे शिणतात. एखादे अक्षर संशयास्पद वाटले तर नोंदीतला पृष्ठांक टिपून घ्या आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या नायगावच्या संदर्भ विभागात छापील खंड मागा.