कोरियाच्या युनिव्हर्सिटीत असिस्टंट लावून देतो म्हणाले, अन् डिग्रीसकट बुडालो

हे लिहू की नको करता करता चार महिने गेले. गावात तसंही सगळ्यांना माहीत झालंच आहे, आता लाज कायची. पण मागच्या आठवड्यात एका मुलीचा मेसेज आला (ते शेवटी सांगतो) म्हणून आज बसून लिहूनच टाकतो, लांब होईल, सांभाळून घ्या.

मी दारव्हा तालुक्यातला, यवतमाळ जिल्हा. एमए इंग्लिश, बीएड नाही, सेट (प्राध्यापकाच्या नोकरीची पात्रता परीक्षा) दोन खेपा थोडक्यात गेली. तालुक्याच्या एका कॉलेजात सीएचबीवर शिकवत होतो. ज्यांना सीएचबी म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी, जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत शून्य, आणि तेही पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, येतील तेव्हा एकदम. वर्गात पोरं 'सर, सर' करतात आणि घरी आल्यावर सर बाबाला पेट्रोलचे दोनशे मागतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये फेसबुकवर जाहिरात दिसली, दक्षिण कोरियातल्या युनिव्हर्सिटीत इंग्लिश लँग्वेज टीचिंग असिस्टंट पाहिजे, भारतीय उमेदवार चालतील, कोरियन भाषा येणं गरजेचं नाही. प्रोफेसर पाहिजे असं असतं तर मी हसून पुढे गेलो असतो, खरं सांगतो. 'असिस्टंट' वाचून वाटलं हे आपल्या मापाचं आहे. मुख्य प्राध्यापक कोरियन राहणार, आपण फक्त पोरांकडून बोलण्याची प्रॅक्टिस करून घ्यायची, वह्या तपासायच्या. जाळ्यात टाकलेला दाणाही चोच पाहूनच टाकतात बाप्पा.

नंबरवर फोन केला तर समोरचा माणूस आपल्याच भाषेत. "टेन्शन नोको घेऊ भाऊ, मी बी तुह्यासारखाच शेतकऱ्याचा पोरगा आहो." पुण्या-मुंबईचा किंवा हिंदीत बोलणारा असता तर मी दहा गोष्टी विचारल्या असत्या. नागपुरात ऑफिस होतं, एकदा जाऊनही आलो, पहिला माळा, एसी, भिंतीवर जगाचा नकाशा, पाणी आणून देणारी पोरगी. नाव देत नाही, केस चालू आहे.

पगार सांगितला महिन्याला २४ लाख वॉन. आपले दीड लाखाच्या आसपास होतात. पण बाबानं पारावर सांगताना वॉन गाळला, आणि दोन दिवसात अख्ख्या गावात 'पोट्ट्याले महिन्याले चोवीस लाख' झालं. नंतर कितीही समजावलं तरी लोकं म्हणत, सांगत नाही तो, नजर लागते म्हणून. आज हसू येते, पण त्या चोवीस लाखामुळेच नंतर मागे फिरणं अवघड झालं हेही तेवढंच खरं.

आता इंटरव्ह्यू. हा भाग नीट वाचा.

रात्री ८ वाजता व्हिडिओ कॉल ठेवला. आमच्या घरात नेटवर्क नाही, स्लॅबवर पाण्याच्या टाकीजवळ दोन काड्या येतात, तिथं खुर्ची नेली, शर्ट इस्त्रीचा वर, खाली घरचाच पायजमा. खाली गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटी वाजून राहिली होती. तिकडून त्या 'प्रोफेसर'चा कॅमेरा बंद, म्हणे नेटवर्क इश्यू. मी मनात म्हटलं, कोरियात नेटवर्क इश्यू अन् आमच्या टाकीवर दोन काड्या, वा. पण इंटरव्ह्यू देणारा माणूस असं तोंडावर बोलत नसते. त्यानं मला आर्टिकल्स शिकवून दाखवायला लावलं, 'अ', 'अॅन', 'द' कसं समजावशील. मी दहा मिनिटं शिकवलं. आमच्या वर्गात जसं सांगतो तसं, की पहिल्यांदा दिसलेला बैल तो 'अ' आणि तोच बैल पुन्हा आपल्या वावरात घुसला की मग तो 'द'. तो माणूस हसला. म्हणाला, एक्सलंट, व्हेरी नॅचरल टीचर.

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या इंग्रजीला चांगलं म्हटलं होतं. सहा वर्षं शिकवून राहिलो, कोणत्या प्राचार्यानं कधी वर्गात डोकावून पाहिलं नाही. त्या रात्री मी टाकीजवळ बराच वेळ तसाच बसून होतो. तुम्ही म्हणाल एमए झालेला माणूस फसतो कसा, तर असा फसतो.

कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. म्हणजे आपले रात्रीचे ८ तेव्हा तिकडे साडेअकरा. आणि तो माणूस कॉल संपवताना म्हणाला होता की आता मी डिनरला निघतो. हे माझ्या डोक्यात आलं पाच महिन्यांनी.

ऑफर लेटर आलं. लेटरहेड, मोनोग्राम, शिक्का, रूम नंबर ३०४, सगळं. मी ते वाचलं आणि सवयीनं मनातल्या मनात तपासलं, लाल पेन घेतल्यासारखं. 'डिस्कस अबाउट' लिहिलेलं होतं, 'रिव्हर्ट बॅक' होतं, शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' होतं. चुका दिसल्या आणि मी काय म्हटलं असेल? म्हटलं, यांचं इंग्रजी असं आहे म्हणूनच तर यांना आपली गरज आहे! अरे पण 'डू द नीडफुल' कोरियन माणूस कायले लिहीन? हे आपल्या इकडच्या ऑफिसातलं इंग्रजी, तहसीलच्या पत्रात सापडते तसं. ते पत्र लिहिणारा माणूस माझ्याचसारखा कुठल्यातरी मराठी-हिंदी शाळेत शिकलेला होता, आणि हे ओळखायला माझ्यापेक्षा लायक माणूस अख्ख्या तालुक्यात नसेल.

पैशाचं सांगतो. रजिस्ट्रेशन २,५००. डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन १२,०००. अपोस्टिल १८,०००. ऑनलाइन टीचिंग सर्टिफिकेट १५,०००. इथपर्यंत माझे साठवलेले अन् एका मित्राकडून घेतलेले. दरवेळी पावती यायची, त्यावर जीएसटी नंबरसुद्धा, फक्त खातं दरवेळी वेगळ्या माणसाच्या नावाचं. विचारलं तर म्हणे ऑडिटचा प्रॉब्लेम असते भाऊ. अपोस्टिल म्हणजे आपल्या डिग्रीवर परराष्ट्र मंत्रालय स्टिकर लावते ते, परदेशात कागद खरा धरावा म्हणून. त्याची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये आहे, वरून सेंटरचा थोडा चार्ज. पन्नास! आणि त्या स्टिकरवर नंबर असतो, तो मंत्रालयाच्या साइटवर टाकून पाहता येतो. मला त्यांनी स्टिकर लावलेल्या डिग्रीचा फोटो पाठवला होता, नंतर नंबर टाकला तर नो रेकॉर्ड.

मग नोव्हेंबरात आले ८५,०००, 'व्हिसा इश्युअन्स नंबर'साठी सिक्युरिटी, रिफंडेबल, सात दिवसात भरा नाहीतर सीट दुसऱ्याला जाते. मार्चचं सेमिस्टर आहे म्हणे, आणि तिकडे सेमिस्टर मार्चमध्ये सुरू होते हे खरंच आहे, मी चेक केलं होतं. असंच करत होतो मी, खरं निघेल तेवढंच चेक करायचं.

तेव्हा घरी कापूस वेचून नुकताच आला होता, २२ क्विंटल. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता, पण सीसीआयच्या (सरकारी कापूस खरेदीच्या) सेंटरवर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला की घेतच नाहीत, आणि दिवाळीच्या दिवसातला कापूस ओला. थांबलं असतं तर भाव भेटला असता. बाबा म्हणाले, "थांबाले टाइम कुठी आहे? पोराची शीट जाते." गावातच व्यापाऱ्याला ६,८०० नं मोजून दिला. मी काट्याजवळ उभा होतो. बाबा दर वेळी काट्याकडे वाकून पाहतात, व्यापाऱ्याशी भांडतात, पाव किलोसाठी भांडतात. त्या दिवशी काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्या मोबाइलकडे पाहत होते, पैसे गेले का म्हणून. कृषी केंद्राची उधारी देऊन जे उरले ते जवळपास सगळे तिकडे. भावातच सोळा हजाराच्या जवळ गेले, ते तर माझ्या तक्रारीत कुठं येतही नाहीत.

जानेवारीत इन्शुरन्सचे ३८,०००. मायची पोत पतसंस्थेत ठेवली. माय काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "तिकडं थंडी रायते म्हनतेत, सेटर मोठं घेजो."

एकूण १,७०,५००. आणि पैशापेक्षा मोठी चूक वेगळीच, मी बीए आणि एमएच्या ओरिजिनल डिग्र्या कुरिअरनं त्यांच्या ऑफिसला पाठवल्या होत्या. ओरिजिनल. त्या आजपर्यंत आल्या नाहीत. अमरावती विद्यापीठातून डुप्लिकेट काढायची तर आधी पोलीस ठाण्याचा दाखला, अॅफिडेव्हिट, फी, चकरा. सीएचबीचा नवीन इंटरव्ह्यू आला तर दाखवायला माझ्याकडे झेरॉक्स आहे.

फुटलं कसं ते ऐका. ३८ हजारानंतर दहाव्या दिवशी तिकीट ब्लॉक करायला ६० हजार मागितले. आता घरात विकायसारखं काही उरलंच नव्हतं, बैल सोडून. बाबा बैलाचंही बोलले. मग मला पहिल्यांदा भीती वाटली. रात्री टाकीजवळ जाऊन ऑफर लेटर ज्या ईमेलवरून आलं तो पत्ता अक्षर अक्षर वाचला. कोरियातल्या युनिव्हर्सिट्यांचा पत्ता 'एसी डॉट केआर'वर संपतो. माझ्या मेलचं शेपूट होतं 'एसी हायफन केआर डॉट कॉम'. एक बारीक आडवी रेघ. मग युनिव्हर्सिटीच्या खऱ्या साइटवर गेलो, तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसचा पत्ता घेतला आणि चार ओळींचा मेल केला, लेटर जोडून. दुसऱ्याच दिवशी उत्तर. अशी पोस्ट नाही, या नावाचे कोणी प्रोफेसर नाहीत, कृपया पैसे देऊ नका. फुकटात, एका दिवसात. हे मी ऑगस्टमध्येही करू शकत होतो न.

मग बसून सगळं वाचलं. इंग्रजी संभाषण शिकवण्यासाठी कोरियाचा जो ई-२ व्हिसा आहे तो मुळात सातच देशांच्या नागरिकांना देतात, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतासाठी २०१० पासूनच्या व्यापार करारात एक छोटी खिडकी आहे, पण ती शाळेतल्या सहायक शिक्षकासाठी, आणि शिकवण्याचं लायसन्स लागते, म्हणजे आमच्या भाषेत बीएड वगैरे. एजंटनं मला हा करार दाखवला होता, पीडीएफसकट! अर्धी गोष्ट खरीच होती. मी कराराचं नाव वाचलं, आतलं वाचलं नाही.

आणि लँग्वेज टीचिंग असिस्टंट ही गोष्ट जगात आहे बरं, अमेरिकेच्या विद्यापीठांत फुलब्राइट शिष्यवृत्तीवाले भारतातून पोरं नेतात, पण इंग्रजी शिकवायला नाही, हिंदी-उर्दूसारख्या आपल्या भाषा शिकवायला. आणि ते अर्जाचे पैसे घेत नाहीत. सरळ विचार केला तरी समजते, इंग्रजी शिकवायला कोणी दारव्ह्याचा माणूस कायले नेईन. पण सरळ विचार करायला डोकं जागेवर लागते.

एजंटला फोन केला तर तो शांत. "भाऊ, ते दुसरं डिपार्टमेंट आहे, त्यायले माहीत नसते." त्याच भाषेत, त्याच प्रेमानं. दुसऱ्या दिवशी नंबर बंद. नागपूरला गेलो तर त्या माळ्यावर कुलूप, खालचा चहावाला म्हणाला तुमच्यासारखे या हप्त्यात आठ-दहा येऊन गेले.

ठाण्यात पहिले म्हणे नागपूरला जा, मग आमच्या सरपंचानं फोन केला तेव्हा कागद घेतला, नवीन कायद्याचं कलम ३१८ लागलं, जुन्या लोकांच्या भाषेत चारशेवीस. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, तो लगेच करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात फिरायच्या आत, मग थांबवता येतात. माझे जुने पैसे केव्हाच पुढे गेले होते, शेवटच्या ३८ हजारातले ६,२०० कुठल्यातरी खात्यात अडकलेले सापडले, ते मिळायला कोर्टाची ऑर्डर लागते असं तेव्हा सांगितलं. ठाण्यातल्या एका मॅडमनं मला ई-मायग्रेटची साइट उघडून दाखवली, सरकारची. परदेशात नोकरी लावणाऱ्या नोंदणीकृत एजंटांची यादी आहे तिथं, लायसन्स नंबरसकट, आणि नोंदणी असलेल्यालाही सर्व्हिस चार्ज जास्तीत जास्त ३०,००० अधिक जीएसटी एवढाच घेता येतो. आमचा माणूस यादीत नव्हता. मॅडम म्हणाल्या, आधी पाहायचं न सर. सर म्हणाल्या, ते जास्त लागलं.

बाबा आता पारावर बसत नाहीत. बाजारात कोणी विचारलं, "पोरगा गेला का कोरियाले?" तर म्हणतात, "व्हिसा रायला." अजूनही तेच सांगतात.

आता त्या मुलीचं. मागच्या बुधवारी वाशिम जिल्ह्यातून एकीचा मेसेज आला, माझा नंबर तिला कोणाकडून भेटला माहीत नाही. "दादा, तुमचं पण कोरियाचं झालं होतं का?" तिनं लेटर पाठवलं. तेच लेटरहेड, तेच 'डू द नीडफुल', तोच रूम नंबर ३०४, फक्त युनिव्हर्सिटी वेगळी. आतापर्यंत २,५०० भरले होते. मी सगळं सांगितलं, ईमेलचं शेपूट दाखवलं, डिग्री पाठवू नको म्हटलं. तिला पटलं. थँक्यू दादा लिहिलं. मग दहा मिनिटांनी पुन्हा मेसेज, "उद्या रात्री आठला इंटरव्ह्यू आहे. पैसे नाही देणार. पण इंटरव्ह्यू देऊन पाहू का नुसता? आर्टिकल्सची तयारी केली होती."

मी बराच वेळ टाइप करून राहिलो, खोडून राहिलो. शेवटी लिहिलं, मला फोन लाव आठ वाजता, मी घेतो तुझा इंटरव्ह्यू.