फाटकाशी रॉयल पाम लावावा की भेर्ली माड?

पावसाच्या तोंडावर ओळखीतलं कुणी ना कुणी दरवर्षी विचारतंच. गावच्या घरापुढे एखादा रुबाबदार पाम हवाय, तोही बी रुजवून. मग कुठला लावू? नारळ-सुपारी दारात असतातच, त्यामुळे आता शोभेचं काहीतरी हवं असतं. दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी मी 2009 साली दोन्ही लावले. पडवीच्या बाजूला दोन रॉयल पाम आणि विहिरीकडे तीन भेर्ली माड, म्हणजे माशाच्या शेपटीसारख्या पानांचा फिशटेल पाम. सगळं बी मीच गोळा केलं, मीच रुजवलं. शेतीचं शिक्षण मी घेतलेलं नाही, त्यामुळे तुमच्याकडे थोडं वेगळंही घडेल.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे सर्रास ज्याला 'बॉटल पाम' म्हणतात तो बहुतेक वेळा रॉयल पामच असतो. खरा बॉटल पाम मॉरिशसकडचा. तो बुटका राहतो आणि बुंध्याशी सुरईसारखा फुगतो. तेव्हा बी मागताना झाड दाखवून मागा. आणि हा रॉयल नावाने रॉयल असला तरी त्याचं शास्त्रीय नाव रॉयस्टोनिया राजावरून आलेलं नाही. रॉय स्टोन नावाच्या एका अमेरिकन लष्करी अभियंत्यावरून ते ठेवलंय. झाड मात्र क्युबाचं, तिथलं राष्ट्रीय झाडच.

रुजवण्याच्या बाबतीत रॉयल अगदी सरळ. फळं वाटाण्याएवढी, पिकली की जांभळी-काळी. पुण्यातल्या एका आवारात झाडाखालून ओंजळभर वेचली, दोन दिवस बादलीत भिजवली, वाळूवर चोळून गर काढला आणि वैशाखात वाळू-शेणखतात टाकली. अडीच महिन्यांत निम्म्याहून जास्त वर आली. बी ताजं हवं एवढंच. पाकिटातलं जुनं बी मी एकदा पैसे देऊन आणलं होतं, त्यातलं एकही उगवलं नाही. आणखी एक, रॉयलचं पहिलं पान हुबेहूब गवताच्या पात्यासारखं असतं. आमच्या काकूंनी श्रावणात अंगण बेणताना माझी नऊ रोपं उपटून गुरांपुढे टाकली. त्यांचं काहीच चुकलं नाही, पाटी मीच लावली नव्हती.

भेर्ली माडाने मात्र सुरुवातीलाच माझी परीक्षा पाहिली. लालसर घोस दिसला, हौसेने उघड्या हातांनी फळं कुस्करली आणि पाच मिनिटांत बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, अगदी कानामागेही आग पसरली. अळू चिरताना सुटते तीच ही खाज. गरात तसेच सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. मी चिंच चोळली, खोबरेल लावलं, रात्रभर हात ओल्या पंचात गुंडाळून बसलो. याच्या शास्त्रीय नावातल्या 'युरेन्स'चा अर्थ चुरचुरणारा, दाहक असा आहे हे नंतर कळलं.

पुढल्या वेळी शेजारच्या तात्यांनी सोपी वाट दाखवली. म्हणाले, "अरे, तू कशाला चोळतोस? मांजर करतंय ना ते काम!" विहिरीच्या काठावर, एकाच ठरलेल्या दगडावर, उदमांजराची विष्ठा पडलेली असायची आणि तिच्यात गर पचून स्वच्छ निघालेल्या गुळगुळीत काळसर बिया. काडीने वेचल्या, धुतल्या, लावल्या. विहिरीकडे लावलेले माझे तिन्ही माड त्याच बियांचे.

भेर्लीचं बी रुजतानाही दिसत नाही. रॉयलचा कोंब बीच्या कुशीतूनच फुटतो. भेर्लीचं बी आधी एक जाड नळी खाली सोडतं आणि कोंब तिच्यातून, बीपासून थोडा लांब, वर येतो. चार महिने काही हालचाल नाही म्हणून मी उकरून पाहिलं आणि दोन नळ्या कटकन मोडल्या. त्यामुळे उथळ ट्रे नको, हातभर खोल पिशवी घ्या आणि विसरून जा. वर आलं की पहिलंच पान कातरलेल्या कडांचं, दुभंगलेलं, माशाच्या शेपटीचं. ते कुणी गवत समजून उपटणार नाही.

पुढची दोन-तीन वर्षं रॉयलला ऊन आणि पाणी मन मानेल तेवढं लागतं. आमच्या जांभ्या जमिनीत डिसेंबरपासून पावसापर्यंत मी दिवसाआड बादली ओतत होतो. भेर्ली सह्याद्रीच्या रानातली, लहानपणी सावलीत खूश. तिला मी पहिले दोन उन्हाळे सोडले तर फारसं पाहिलं नाही. देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत रॉयलची पानं पिवळी पडलेली पुष्कळ पाहिली आहेत, तिकडच्यांनी जपून. गेंड्या भुंग्याचा त्रास दोघांनाही, शेणाचा खड्डा जवळ नको.

दिसायला रॉयल सरस, मला मान्य आहे. खांब सिमेंटचा ओतल्यासारखा, वर तुळतुळीत हिरवा देठ. दोन झाडांनीच आमच्या घराला सरकारी विश्रामगृहाची कळा आली.

पण रॉयल महिन्याकाठी एक झावळ टाकतो. सुपारीची विरी, म्हणजे झावळीचा खोडाला वेढणारा रुंद देठ, तुम्ही पाहिली आहे, पोरं तिच्यावर बसून घसरगुंडी खेळतात. तीच विरी पुरुषभर लांब आणि ओली, जड कल्पून बघा, पुढे दोन-तीन मीटर पात्यांचा पसारा. ती वाळून लोंबत नाही, सूचना देत नाही. वारा नसताना मध्यरात्री धप्प! पहिल्यांदा पडवीची अकरा कौलं गेली. दुसऱ्यांदा वाळवणाच्या दोरीसकट आंबोशीची चटई. तिसऱ्यांदा वहिनी अंगणात तांदूळ निवडत होत्या, त्या पाणी प्यायला आत गेल्या आणि सूप चेपलं गेलं. आधीच काढून टाकावी म्हटलं तर नारळ पाडणारा त्या गुळगुळीत खांबावर चढायला तयार नाही आणि हिरवी कापलेली झाडाला सोसत नाही. त्या दिवसापासून आम्ही घरातले सगळे फाटकाकडे जाताना वर बघत जातो. भेर्लीचीही झावळ मोठीच, तीही पडते. पण आधी वाळते, चार दिवस लोंबते, वाऱ्यावर खडखडते. मग आकडी लावून ओढता येते. मांडवाला झावळ्या लागल्या की वाडीतली माणसंही तिच्याकडेच येतात.

रॉयलच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. रॉयलने पानं झटकून टाकली आणि खांब जागचा हलला नाही. चक्रीवादळांच्या मुलखातलं झाड ते. भेर्लींपैकी एक मुळासकट आडवी झाली.

शिवाय भेर्ली मरते. ती आयुष्यात एकदाच फुलायला लागते. पहिला घोस शेंड्याशी, मग दरवेळी एक पेर खाली, असे मोकळ्या केसांसारखे झुपके सोडत काही वर्षांत बुंध्याकडे पोचते आणि शेवटचं फळ पिकलं की संपते. नंतर झाड तोडायचा खर्च आपला. पूर्वी आतला भुसा काढून त्याचे पन्हळ करत, आता तेवढी हौस कुणाला? माझ्या एका माडाचा पहिला घोस गेल्या वर्षी आलाय. धनेश येऊन बसतात त्याच्यावर, रॉयलवर मी अजून एकही पाहिलेला नाही.

काहीजण मध्येच श्रीताड सुचवतात, ज्याच्या बियांना बजरबट्टू म्हणतात तो पाम, तो फुलायला तीस ते ऐंशी वर्षं घेतो. नातवासाठी लावत असाल तर अवश्य लावा.

तेव्हा फाटकापासून घर लांब असेल, खाली गाडी-माणूस थांबत नसेल आणि उन्हाळ्यात पाणी घालणारं कुणी असेल, तर रॉयलची रांग लावा, मी अडवणार नाही. पडवी जवळ असेल तर मात्र एकदाची खाज सोसलेली बरी, असं आपलं मला वाटतं. बी हवं असेल तर विहिरीकडचा दगड दाखवीन. हातमोजे तुमचे तुम्ही आणा.