लपवलेली चूक आणि कबूल केलेली चूक
ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवरून मिराज हे लढाऊ विमान गेलं की काका कप बशीत ठेवून थांबतात. बोलणं तसंही ऐकू येत नाही. २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटला गेलेली मिराज इथलीच. दुसऱ्याच दिवशी काश्मीरमधल्या बडगामला आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण गेले, खाली जमिनीवरचा एक नागरिकही.

याच्या शेजारी अमेरिकेचं पॅट टिलमन या सैनिकाचं प्रकरण ठेवून पाहा. एप्रिल २००४, अफगाणिस्तान. तो गेला सहकाऱ्यांच्या गोळ्यांनी, घरच्यांना सांगितलं शत्रूच्या. त्याचा गणवेश जाळून टाकला, सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक दिलं, आणि खरं कळवलं सुमारे पाच आठवड्यांनी, श्रद्धांजलीची सभा उरकल्यावर. पुढे चौकशांवर चौकशा. आईवडील वर्षानुवर्षं विचारतच राहिले.

आपल्याकडे बडगामची चूक कबूल करायला सात महिने लागले. (मध्ये लोकसभेची निवडणूक होऊन गेली, ते असो.) पण ४ ऑक्टोबरला हवाई दलप्रमुख भदौरियांनी ही आपली मोठी चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. काका म्हणतात, "उशीर झाला रे, पण शत्रूच्या नावावर तरी नाही ढकललं." निवडायचं तर मीही हेच निवडेन. सात महिने मात्र जास्तच वाटतात.